नीला, सिरा आणि दिशा : हृद्रोग्यांतील अनियमित नीलांचे प्रतिमाचित्रण आणि वर्णनभाषेचा प्रश्न

१. प्रास्ताविक

शरीरातील एखादी नीला नेहमीचा मार्ग सोडून वेगळ्या मार्गाने हृदयाला मिळत असेल, तर तिची प्रतिमा मिळविणे आज फारसे दुष्कर राहिलेले नाही. क्ष-किरण, ध्वनिचित्रण, संगणकीय छेदचित्रण आणि चुंबकीय अनुस्पंदन या साधनांपैकी एकाने नाही तर दुसऱ्याने ती बहुधा दिसते. प्रश्न उद्भवतो तो त्यानंतर. दिसलेल्या नीलेचे वर्णन कोणत्या शब्दांत करावयाचे? प्रतिमा पाहणारा एक असतो, शस्त्रक्रिया करणारा दुसरा असतो, आणि त्या दोघांमध्ये पुष्कळदा पाच-सात वाक्यांचा एक अहवाल असतो. शस्त्रवैद्य स्वतः प्रतिमा पाहतो हे खरे. परंतु काय पाहावयाचे हे त्याला पुष्कळदा त्या वाक्यांनी आधीच सांगितलेले असते.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा अभ्यासक नाही, हे प्रारंभीच स्पष्ट करावयास हवे. परंतु संज्ञा, उपमा, वर्णन आणि पाठभेद हे तौलनिक साहित्याभ्यासाचे नित्याचे विषय होत. आणि या चारही गोष्टी हृदयाच्या नीलांविषयीच्या लेखनात अशा रीतीने एकत्र येतात की, तेथे शब्दाची निवड ही केवळ शैलीची बाब राहत नाही. स्थान, रंग आणि आकार यांवर आधारलेली नावे अनियमित नीलांच्या बाबतीत फसवी ठरतात; नीला कोठून येते, कोणत्या वाटेने जाते आणि कोठे उघडते हे सांगणारी भाषा अधिक विश्वसनीय ठरते; आणि अशा भाषेची सामग्री भारतीय भाषांत पूर्वीपासून उपलब्ध आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

२. टिकून राहिलेली डावी ऊर्ध्वमहानीला

विवेचनासाठी एक उदाहरण मध्यवर्ती धरू. डोके, मान व दोन्ही हात यांतील रक्त सामान्यतः एकाच मोठ्या नीलेतून हृदयाच्या उजव्या अलिंदात येते. तिला मराठीत ऊर्ध्वमहानीला म्हणतात. ती छातीच्या उजव्या बाजूस असते. डावीकडील रक्त आडव्या जाणाऱ्या एका नीलेवाटे तिला येऊन मिळते. गर्भावस्थेत मात्र अशी रचना नसते. आरंभी डावी आणि उजवी अशा दोन समांतर नीला असतात. सुमारे आठव्या आठवड्यात त्यांना जोडणारी आडवी वाट तयार होते, डावीकडचे रक्त उजवीकडे वळते, आणि डाव्या नीलेचा खालचा भाग हळूहळू आक्रसून जातो. प्रौढ शरीरात त्याची खूण म्हणून डाव्या अलिंदावर एक लहानशी नीला व एक बारीक बंध एवढेच उरते. लंडनचे जॉन मार्शल यांनी १८५० मध्ये त्याचे वर्णन केले आणि तो बंध आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

काही व्यक्तींत हा भाग आक्रसत नाही. डावी महानीला तशीच टिकून राहते. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण शेकडा अर्ध्याच्या आत-बाहेर असते. जन्मजात हृदयदोष असलेल्या रुग्णांत ते शेकडा ३ ते १० इतके सांगितले जाते. बहुसंख्य व्यक्तींत ही नीला हृदयाच्या मागील बाजूने खाली उतरते आणि हृदयस्नायूंचे स्वतःचे रक्त गोळा करणाऱ्या ‘कोरोनरी सायनस’ नामक रुंद वाहिनीत उघडते. तेथून रक्त उजव्या अलिंदातच जाते. म्हणजे वाट निराळी असली तरी मुक्काम तोच. अशा माणसाला आयुष्यभर या नीलेचा पत्ताही नसतो.

पत्ता लागतो तो बहुधा दुसऱ्याच कारणाने. रुग्णालयात ज्याला सर्वत्र ‘टू-डी इको’ म्हणतात त्या ध्वनिचित्रणात डाव्या अलिंदाच्या मागे एक मोठे वर्तुळ दिसते. ते वर्तुळ म्हणजे जादा रक्तामुळे फुगलेला कोरोनरी सायनस असू शकतो. परंतु ती खाली जाणारी महारोहिणीही असू शकते, कारण तिचा छेदही तेथेच, थोडा मागे, वर्तुळाकार दिसतो. शिवाय उजव्या अलिंदातील दाब वाढला किंवा फुप्फुसातील नीला चुकून तेथे उघडल्या, तरीही सायनस फुगतो. एकच चिन्ह आणि अर्थ अनेक, अशी ही अवस्था असते. तिचा उलगडा एका साध्या युक्तीने होतो. मिठाच्या निर्जंतुक द्रावणात थोडी हवा घालून दोन पिचकाऱ्यांमधून ते वेगाने इकडून तिकडे ढकलले म्हणजे त्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. ते द्रावण डाव्या हाताच्या नीलेत टोचतात. बुडबुडे पडद्यावर चमकतात. ते प्रथम कोरोनरी सायनसमध्ये आणि मग उजव्या अलिंदात दिसले, तर डावी महानीला टिकून आहे असे कळते. नंतर उजव्या हातातून हीच चाचणी करतात; कारण काही थोड्या व्यक्तींत डावी महानीला असते आणि उजवी मुळीच नसते.

या चाचणीत कोणता भाग केव्हा उजळला याला सारे महत्त्व आहे. स्थिर चित्रात ते कळत नाही. १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे व्हर्नर फोर्समान या तरुण वैद्याने स्वतःच्या डाव्या हाताच्या नीलेतून ६५ सेंटिमीटर नळी आत सरकवली आणि क्ष-किरणचित्र घेऊन ती हृदयापर्यंत पोहोचल्याचे दाखवून दिले. १९५६ चे नोबेल पारितोषिक त्यांना कूर्नां व रिचर्ड्‌स यांच्यासमवेत मिळाले. त्यांची नळी आडव्या वाटेने उजवीकडे जाऊन हृदयात उतरली. डावी महानीला टिकून राहिलेल्या माणसात तीच नळी पाठीच्या कण्याच्या डाव्या अंगाने सरळ खाली उतरली असती. हृदयाचा कृत्रिम गतिकारक बसविताना डाव्या बाजूने तार घालणाऱ्या वैद्याला हा अनुभव आजही अधूनमधून येतो.

३. एक स्थान, दोन नीला

आता या उदाहरणाशेजारी दुसरे ठेवू. काही अर्भकांत फुप्फुसांकडून येणाऱ्या चारही नीला डाव्या अलिंदाला न मिळता हृदयाच्या मागे एकत्र येतात आणि दुसऱ्याच ठिकाणी उघडतात. अमेरिकेतील डार्लिंग, रॉथनी व क्रेग यांनी १९५७ मध्ये या दोषाचे चार प्रकार केले : हृदयाच्या वर उघडणारा, हृदयातच उघडणारा, हृदयाच्या खाली उघडणारा आणि मिश्र. पहिला सर्वांत अधिक आढळतो. त्यात एकत्र आलेले रक्त एका उभ्या नीलेवाटे छातीच्या डाव्या बाजूने वर चढते, आडव्या नीलेत शिरते आणि तेथून उजव्या ऊर्ध्वमहानीलेत येते. शुद्ध झालेले रक्त अशा रीतीने पुन्हा उजव्या बाजूलाच पोहोचते. मूल निळसर पडते आणि शस्त्रक्रियेवाचून त्याचे जगणे कठीण होते.

ही उभी नीला आणि टिकून राहिलेली डावी महानीला या दोहोंचे स्थान जवळजवळ एकच. दोन्ही महारोहिणीच्या कमानीच्या डावीकडे उभ्या असतात. छेदचित्रणाच्या एखाद्या सुट्या छेदात दोन्ही सारख्याच वर्तुळाच्या रूपाने दिसतात. ‘छातीत डावीकडे एक अनियमित नीला आहे’ हे वाक्य दोहोंना लागू पडते, आणि म्हणूनच ते निरुपयोगी आहे. एकीत अशुद्ध रक्त वरून खाली येत असते, दुसरीत शुद्ध रक्त खालून वर जात असते. एकीचा शेवट कोरोनरी सायनसमध्ये होतो, दुसरीचा आरंभ फुप्फुसनीलांच्या संगमापाशी होतो.

भेद ओळखण्याच्या खुणा आहेत. डावी महानीला असेल तर आडवी नीला बहुधा लहान असते किंवा नसतेच; उभी नीला वर रक्त नेत असेल तर आडवी नीला जादा रक्ताने फुगलेली असते. या सर्व खुणांचा अर्थ एकच : सुटे वर्तुळ पाहून थांबू नये, ते दोन्ही टोकांपर्यंत वाचत जावे. संहितेतील एका शब्दाचा अर्थ मागचे-पुढचे वाक्य वाचल्यावाचून ठरवू नये, हा आपला नियम येथे अक्षरशः लागू पडतो.

चूक झाली तर काय होते? १९५८ मध्ये अमेरिकेतील विल्यम ग्लेन यांनी ज्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तिच्या आजच्या रूपात ऊर्ध्वमहानीला हृदयापासून सोडवून थेट फुप्फुसरोहिणीला जोडतात. ज्या मुलांच्या हृदयाचा एकच निलय उपयोगाचा असतो, त्यांच्या उपचारातील हा एक टप्पा होय. अशा मुलास डावी महानीलाही असेल आणि ती ध्यानात आली नाही, तर डोक्याकडील रक्ताचा एक भाग तिच्यातून खाली उतरून फुप्फुसांना टाळून जातो. शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही मुलाच्या रक्तातील प्राणवायू कमीच राहतो. उलट, डावी महानीला ‘जादा’ समजून बांधून टाकली आणि उजवी नव्हतीच किंवा दोहोंना जोडणारी वाट नव्हती, तर डोक्याकडील रक्ताला परतीचा मार्गच उरत नाही. ‘जादा’ हे विशेषण येथे किती जपून वापरावयास हवे, हे यावरून दिसून येईल.

प्रतिमाचित्रणही कोठून प्रवेश केला यावर अवलंबून असते. छेदचित्रणासाठी वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून हाताच्या नीलेतून एक द्रव्य सोडतात. ते उजव्या हातातून सोडले आणि जोडणारी वाट नसली, तर डावी महानीला न उजळता तशीच राहते. तिला लसिकाग्रंथी समजण्याची चूक होऊ शकते. शिवाय अशा चित्रात रुग्णाची डावी बाजू पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला असते. ‘डावे’ हा शब्द नेहमी रुग्णाच्या बाजूने बोललेला असतो. वाचणाऱ्याने आपली बाजू विसरावी लागते.

४. रंगाची नावे

आता संज्ञांकडे वळू. मराठी शालेय व वैद्यकीय लेखनात नीला आणि रोहिणी ही जोडी रूढ आहे. हृदयाकडे रक्त आणते ती नीला, हृदयाकडून नेते ती रोहिणी. दोन्ही नावे रंगाची आहेत : एक निळी, दुसरी तांबडी. हे दोन्ही शब्द सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सिरांचे प्रकार म्हणून येतात. तेथे पित्त वाहणाऱ्या सिरांना नील आणि रक्त वाहणाऱ्या सिरांना रोहिणी म्हटले आहे. मराठी परिभाषाकारांनी जुन्या शब्दांत नवा अर्थ भरला असे दिसते. भारतीय परिभाषानिर्मितीची ती एक सर्वमान्य पद्धती होती आणि तिचा लाभही झाला : नीला हा शब्द लहान आहे, उच्चारास सुलभ आहे, आणि मनगटावरची निळसर रेघ पाहणाऱ्या मुलाला तो लगेच पटतो.

अडचण फुप्फुसापाशी येते. फुप्फुसनीलेत शुद्ध, लालभडक रक्त असते, फुप्फुसरोहिणीत काळसर. म्हणजे जी नावाने निळी ती प्रत्यक्षात तांबडी. विद्यार्थी हा अपवाद म्हणून पाठ करतो. परंतु अनियमित नीलांचा जो वर्ग आपण पाहत आहोत, त्यातील निम्मा भाग फुप्फुसनीलांचाच आहे. नियमापेक्षा अपवादच जेथे अधिक, तेथे रंगाचे नाव वाचकाला सतत दुरुस्त करून घ्यावे लागते.

त्यातच डॉप्लर ध्वनिचित्रणाने तिसरा रंग-संकेत आणला. पडद्यावर रक्तप्रवाह तांबडा किंवा निळा दिसतो. परंतु तो रंग रक्ताचा नसतो. प्रचलित संकेतानुसार यंत्राच्या शोधिकेकडे येणारा प्रवाह तांबडा आणि तिच्यापासून दूर जाणारा प्रवाह निळा रंगविला जातो. चित्रण करणारा एक बटण दाबून हा संकेत उलटाही करू शकतो. म्हणून पडद्याच्या कडेला रंगपट्टी दिलेली असते. गळ्याच्या खाचेत शोधिका ठेवून उजवी ऊर्ध्वमहानीला पाहिली तर रक्त दूर जाते, म्हणून ती निळी दिसते. बरगड्यांच्या खालून तीच नीला पाहिली तर रक्त शोधिकेकडे येते, म्हणून ती तांबडी दिसते. नीला तीच, रक्त तेच. बदलले ते पाहणाऱ्याचे ठिकाण.

मागील विभागातील दोन नीलांना हे लागू करून पाहावे. गळ्याच्या खाचेतून पाहिल्यास डावी महानीला निळी आणि वर चढणारी उभी नीला तांबडी दिसते. योगायोगाने पहिलीत अशुद्ध आणि दुसरीत शुद्ध रक्त असते. नवशिका विद्यार्थी समजतो की, यंत्राने रक्ताची शुद्धता ओळखली. उत्तर बरोबर येते, कारण चुकीचे असते, आणि पुढच्या रुग्णात शोधिका दुसरीकडे ठेवली की त्याच तर्काने उत्तरही चुकते. यंत्राने सांगितली होती ती केवळ दिशा.

येथे इतर भारतीय भाषांकडे पाहणे उद्बोधक ठरेल. हिंदी, बंगाली व गुजराती यांत शिरा व धमनी ही जोडी आहे. तमिळ व मलयाळम यांनीही तेच शब्द आपापल्या ध्वनिव्यवस्थेत सामावून घेतले. तमिळमध्ये सिरै आणि तमनि, मलयाळममध्ये सिर आणि धमनि. चरकसंहितेत या शब्दांची व्युत्पत्ती क्रियेवरून दिली आहे : सिरा म्हणजे जी सरते, पुढे जाते ती, धमनी म्हणजे जी धमते, फुंकल्यासारखी भरते ती. ग्रीकांनीही रोहिणीत वायू असतो अशा समजुतीने तिचे नाव ठेवले होते, ही समांतर गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. म्हणजे सिरा या शब्दात रंग नाही, गती आहे. मराठीतील ‘शीर’ हा घरगुती शब्द याच कुळातला. परंतु घरगुती मराठीत तो नीला, रोहिणी, मज्जातंतू आणि कंडरा या सर्वांसाठी सरसकट वापरला जातो. मान अवघडली तरी ‘शीर आखडली’ असे आपण म्हणतो. परिभाषाकारांनी त्याला बाजूला का ठेवले असावे, हे त्यावरून समजते.

सर्वांत लक्षणीय उदाहरण कन्नडचे. तेथे रोहिणीला अपधमनी आणि नीलेला अभिधमनी म्हणतात. ‘अप’ म्हणजे दूर, ‘अभि’ म्हणजे कडे. हृदयापासून दूर नेणारी ती अपधमनी, हृदयाकडे आणणारी ती अभिधमनी. दोन उपसर्गांनी दिशा निश्चित केली आणि रंगाचा प्रश्नच उद्भवू दिला नाही. फुप्फुसाकडील नीलांना हे नाव कोणत्याही अपवादावाचून लागू पडते. हे शब्द लांब आहेत आणि ऐकताना एकमेकांसारखे वाटतात, हा त्यांचा दोष मान्य करावा लागेल. घाईच्या वेळी मोठ्याने उच्चारावयाच्या शब्दांत असे साम्य धोक्याचे असते. तरीही नाव घडवितानाच वर्णनाचे तत्त्व त्यात गुंफता येते, हे कन्नडने दाखवून दिले आहे.

५. उपमांची नावे

प्रतिमा वाचणाऱ्यांच्या परंपरेत उपमांना मोठे स्थान आहे. वर चढणाऱ्या उभ्या नीलेचा जो दोष आपण पाहिला, त्याच्या क्ष-किरणचित्रात काही महिन्यांनंतर हृदयाच्या सावलीवर दुसरी गोल सावली उभी राहते. फुगलेली उभी नीला, आडवी नीला आणि उजवी महानीला यांची मिळून ती झालेली असते. पाश्चात्त्य ग्रंथांत तिला बर्फाच्या बाहुल्याची उपमा दिलेली आहे. मराठीत तिचा ‘हिममानव’ असा शब्दशः अनुवाद केला, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर हिमालयातील दंतकथेचा केसाळ प्राणी उभा राहतो. दुसरे पर्यायी नाव ‘आठाचा आकडा’ असे आहे. परंतु तो रोमन लिपीतील ग्रंथांतला आठ होय. देवनागरी ८ या अंकाचे त्या सावलीशी काहीच साम्य नाही. उपमा भाषांतरित होताना तिचा आधार कसा निसटतो, याचे याहून नेटके उदाहरण क्वचितच सापडेल.

मराठीत या आकृतीला ‘दोन मडक्यांची उतरंड’ म्हणता येईल. खाली मोठे मडके, वर लहान. प्रमाण आणि बाह्यरेषा दोन्ही जुळतात, आणि उतरंड ही वरच्या मडक्याचा भार खालच्यावर असल्याचेही सूचित करते. हा केवळ एक प्रस्ताव आहे. अन्य भाषांच्या अभ्यासकांना आपापल्या घरातील वस्तूंत याहून चांगले साम्य सापडू शकेल.

दुसरी प्रसिद्ध उपमा वक्र तलवारीची. उजव्या फुप्फुसाची नीला हृदयाच्या उजव्या कडेने वाकत खाली उतरते आणि अधोमहानीलेला मिळते. चित्रात ती खालच्या टोकाकडे रुंद होत गेलेल्या पात्यासारखी दिसते. उजवे फुप्फुस लहान असते आणि हृदय उजवीकडे सरकलेले असते. या दोषाची वर्णने १८३६ पासून मिळतात. १९६० मध्ये बाल्टिमोर येथील कॅथरिन नील व त्यांचे सहकारी यांच्या निबंधाच्या शीर्षकात तलवारीचे नाव आले आणि ते रूढ झाले. येथे भारतीय वाचकाची अडचण होत नाही. ‘समशेर’ हा शब्द मराठीत आहे आणि तिचा बाकही परिचित आहे. परंतु दुसरीच अडचण उद्भवते. हृदय उजवीकडे पुष्कळ सरकले असेल तर त्याच्या सावलीत पाते झाकले जाते. उपमेवर विसंबलेला वाचक समशेर दिसली नाही म्हणून दोष नाही असे ठरवील. उपमा स्मरणासाठी उत्तम, निर्णयासाठी अपुरी, एवढाच निष्कर्ष येथे काढता येतो.

६. विकृती, दोष की भेद?

आता सर्वांत नाजूक शब्दाकडे येऊ. डावी महानीला टिकून राहणे याला काय म्हणावे? मराठी लेखनात विकृती, व्यंग, दोष, अपसामान्यता असे शब्द आढळतात. यांतील पहिले तीन शब्द मूल्यनिर्णय करतात. पोटच्या मुलाच्या अहवालात ‘विकृती’ हा शब्द वाचणाऱ्या आईच्या मनात जे उभे राहते, त्याचा त्या नीलेच्या वास्तवाशी अनेकदा काहीही संबंध नसतो. जी नीला गर्भावस्थेत प्रत्येकाला असते आणि काहींत जाते, काहींत राहते, तिला विकृत म्हणण्यास आधार नाही. ‘टिकून राहिलेली’ हे विशेषण अधिक अचूक आहे. त्यात तिचा पूर्वेतिहास आहे आणि निंदा नाही.

संहिताचिकित्सेचा अनुभव येथे साहाय्यक होतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहावी. स्वीकृत संहितेखाली निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठ नोंदविले आहेत. संपादक त्यांना चुका म्हणून काढून टाकीत नाही. कोणता पाठ कोठे आढळतो हे सांगतो. शारीरग्रंथातील ‘सामान्य’ रचनाही अशीच अनेक शरीरांवरून निश्चित केलेली संहिता आहे. तिच्याशी न जुळणारी नीला हा प्रथम एक भेद होय. ‘रचनाभेद’ हा शब्द त्यासाठी पुरेसा आहे.

तथापि हे साम्य फार ताणू नये. पाठभेदाने कोणाचा जीव जात नाही. काही रचनाभेदांनी जातो. फुप्फुसनीला सर्वच्या सर्व भलतीकडे उघडणे हा केवळ भेद म्हणून सोडून देता येणार नाही. तो दोषच आहे, आणि त्याला सौम्य नाव देणे ही रुग्णाची फसवणूक ठरेल. म्हणून शब्द दोन हवेत आणि त्यांतील सीमा परिणामावरून ठरावी : रक्ताभिसरण बिघडत नसेल तर भेद, बिघडत असेल तर दोष.

ही सीमा एकाच नीलेतही ओलांडली जाऊ शकते. डावी महानीला कोरोनरी सायनसला मिळते. परंतु कधीकधी सायनस व डावे अलिंद यांमधील भिंतच नसते. तेव्हा जोडणी सायनसशी आणि निचरा डाव्या अलिंदात, अशी स्थिती होते. अशा रुग्णाच्या डाव्या हाताला लावलेल्या सलाइनमधील हवेचा बुडबुडा किंवा रक्ताची गुठळी फुप्फुसांच्या गाळणीतून न जाता थेट मेंदूकडे जाऊ शकते. जोडणी म्हणजे नीला कोणत्या भागाला चिकटलेली आहे. निचरा म्हणजे रक्त अखेरीस कोठे पोहोचते. हे दोन्ही मराठी शब्द साधे आहेत, शेतीच्या व घरकामाच्या भाषेतून आलेले आहेत, आणि या दोन संकल्पना वेगळ्या ठेवण्यास पूर्णपणे समर्थ आहेत. परिभाषेसाठी नेहमी संस्कृताकडेच जावे लागते असे नाही.

७. वर्णनाचा एक नमुना

वरील विवेचनावरून अनियमित नीलेच्या वर्णनात पाच गोष्टी याच क्रमाने याव्यात असे म्हणता येईल : उगम, मार्ग, जोडणी, प्रवाहाची दिशा व निचरा, आणि शेजारच्या नीलांची स्थिती. नमुन्यादाखल असे लिहिता येईल : ‘डाव्या हाताकडील व मानेकडील नीलांच्या संगमापासून एक नीला निघते. ती महारोहिणीच्या कमानीच्या डावीकडून खाली उतरते. ती कोरोनरी सायनसला जोडलेली आहे. तिच्यातील प्रवाह खाली, हृदयाकडे आहे. निचरा उजव्या अलिंदात होतो. उजवी ऊर्ध्वमहानीला आहे. दोहोंना जोडणारी आडवी नीला दिसत नाही.’

या सहा-सात वाक्यांत एकही उपमा नाही, रंग नाही, मूल्यनिर्णय नाही. शेवटचे वाक्य नकारार्थी आहे आणि शस्त्रवैद्याच्या दृष्टीने कदाचित तेच सर्वांत मोलाचे आहे. कारण ही नीला बांधता येणार नाही, हे त्यातून कळते. सुश्रुताने ७०० सिरा सांगितल्या आणि त्यांतील ९८ अवेध्य, म्हणजे ज्यांचा वेध करू नये अशा, वेगळ्या काढल्या. त्याच्या संख्या आज कोणी प्रमाण मानणार नाही. परंतु नाव देताना ‘येथे हात लावू नये’ हे सांगण्याची जबाबदारी त्याने वर्गीकरणातच घेतली होती, ही गोष्ट आजच्या अहवाललेखकानेही ध्यानात ठेवावी अशी आहे.

मराठीने ‘नीला’ हा रूढ शब्द टाकून द्यावा असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. पिढ्यांनी वापरलेला शब्द समितीच्या ठरावाने जात नाही, आणि जाण्याची आवश्यकताही नाही. आवश्यकता आहे ती त्या शब्दाचा रंग विसरून त्याची दिशा शिकविण्याची. पाठ्यपुस्तकात निळ्या आणि तांबड्या शाईने हृदय रंगविताना शेजारी बाण काढले जातात. बालवयात त्या रंगांकडे लक्ष जाते आणि बाणांकडे जात नाही. शिकविणाऱ्याने प्रथम बाण दाखवावेत, रंग नंतर भरावा. फुप्फुसनीला मग अपवाद म्हणून पाठ करावी लागणार नाही. अन्य भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी आपापल्या भाषेतील या शब्दांची अशीच तपासणी केली, तर कन्नडच्या दोन उपसर्गांसारखी आणखी काही उपयुक्त सामग्री आपल्या सर्वांच्या हाती येईल.